बी. एड्. चें कर्ज आणि मास्तराचा पगार

गेल्या, म्हणजे २०२५ सालच्या, आषाढांतील गोष्ट. दिवेलागण झाली होती, रामरक्षा म्हणून मुलें उठलीं होतीं, आणि आम्ही ओटीवर पानाचें तबक पुढें ओढून बसलों होतों. इतक्यांत आमच्या धाकट्या बंधूंची कन्या हातांत एक छापील अर्ज घेऊन समोर येऊन उभी राहिली. ही मुलगी गणित घेऊन बी. एस्सी. झालेली, घरांतील सर्व मुलांत अभ्यासास हुशार. "अण्णाकाका, येथें तुमची सही हवी," एवढेंच ती म्हणाली. अर्ज बँकेचा होता. बी. एड्. च्या दोन वर्षांसाठीं २,००,००० रुपयांचें कर्ज मागितलेलें होतें, आणि जेथें तिनें बोट ठेवलें तेथें 'सहकर्जदार' असा शब्द छापलेला होता. बंधूंच्या दुकानाचें उत्पन्न आज आहे तर उद्यां नाहीं, म्हणून त्यांच्या जोडीस निवृत्तिवेतन मिळणाऱ्या कोणाची तरी सही असावी, असें बँकेंतल्या साहेबांनीं सुचविलें होतें.

आम्हीं सही केली नाहीं. "चार दिवस थांब," असें सांगितलें. मुलीचें तोंड उतरलें, स्वयंपाकघरांत कुजबुज झाली, आणि रात्रीं पानावर बसल्यावर कोणी कोणाशीं फारसें बोललें नाहीं. ज्या मनुष्यानें चाळीस वर्षें शाळेंत घालविलीं त्यानेंच घरच्या मुलीस मास्तरीण होऊं देऊं नये, ह्याचें सर्वांस नवल वाटलें असल्यास आम्ही त्यांस दोष देत नाहीं.

ह्याचें कारण पंधरा वर्षांपूर्वींचें आहे. २०१० सालीं आमचा एक भाचा इतिहास घेऊन बी. ए. झाला आणि पुढें काय करावें हें विचारावयास आमच्याकडे आला. मामा मास्तर, मामा दुसरें काय सांगणार? आम्हीं सांगितलें, "बी. एड्. कर. मुलें जन्मास येत आहेत तोंवर मास्तराला मरण नाहीं." त्या वेळीं हा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. ९०,००० रुपयांचें कर्ज निघालें, मुलगा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाला, आणि २०१२ च्या मे महिन्यांत सरकारनें शिक्षकांच्या भरतीवर बंदी घातली. फेडीचा पहिला हप्ता नेमका त्याच सुमारास आला.

पुढें तो एका विनाअनुदानित शाळेंत लागला. शाळेचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं. दरमहा चार हजार ठरले होते. ते कधीं तीन महिन्यांनीं मिळत, कधीं अर्धेच मिळत. 'अनुदान आलें कीं सगळें भरून निघेल' हें वाक्य मात्र दरमहा चुकत नसे. हप्ते तुंबले. २०१५ सालीं बँकेनें हिशेब दाखविला तेव्हां, मधून मधून भरलेली रक्कम वजा जाऊनही, नव्वद हजारांचे एक लक्ष एकतीस हजार झालेले होते. आमच्या भगिनीनें हातांतील पाटल्या मोडून ते फेडले. तिनें आम्हांस एका शब्दानें बोल लाविला नाहीं. लाविला असता तर बरें झालें असतें.

२०१७ च्या डिसेंबरांत सरकारनें शिक्षकांची अभियोग्यता चाचणी प्रथमच घेतली. भाचा तीस बसला. निवडीची पहिली यादी लागावयास २०१९ चा ऑगस्ट उजाडला, आणि तींत त्याचें नांव नव्हतें. तोंपर्यंत तो एका पतपेढींत कारकून झाला होता. आजही तेथेंच आहे, आणि व्याजाच्या हिशेबांत त्याचा हात धरणारा त्या पतपेढींत कोणी नाहीं.

जन्मास येतांच ब्राह्मणावर तीन ऋणें असतात, असें तैत्तिरीय संहितेंत सांगितलें आहे: देवांचें, ऋषींचें आणि पितरांचें. पैकीं ऋषींचें ऋण ब्रह्मचर्यानें, म्हणजे अध्ययनानें फिटतें. पाठशाळेंतील आमचे गुरुजी त्यांत अध्यापनही धरीत. ह्या तिन्ही ऋणांची एक सोय अशी कीं त्यांस मासिक हप्ता नाहीं. हल्लीं मात्र ऋषिऋण फेडण्याची परवानगी मिळविण्यासाठीं आधीं बँकेचें ऋण काढावें लागतें, हा कालाचा महिमा होय. जुन्या मुंबई इलाख्यांत व्हर्नाक्युलर फायनल झालेला मनुष्य ट्रेनिंग कॉलेजांत गेला कीं सरकार त्यास दरमहा विद्यावेतन देई. आमच्या वेळीं विद्यावेतन नव्हतें, परंतु कर्जही नव्हतें. आम्ही १९७५ सालीं मॅट्रिक झालों. आधीं पाठशाळेंत लघुकौमुदी आणि अमरकोश झालेला होता. नंतर अध्यापक विद्यालयांत दोन वर्षें काढलीं. त्याचा खर्च वडिलांनीं दोन हंगामांच्या भातावर भागविला. १९७८ सालीं आम्ही शाळेंत हजर झालों तें पहिल्या महिन्यापासून पूर्ण पगारावर. जो मनुष्य असा लागला त्यास आजच्या उमेदवाराची वाट कशी असते हें कळण्यास फार उशीर लागतो. आम्हांस तर भाच्याचे हप्ते तुंबेपर्यंत लागला.

ती वाट अशी आहे. बी. एड्. चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठीं तो पुनः एका वर्षाचा करण्याचा मसुदा २०२५ सालीं प्रसिद्ध झाला खरा, परंतु आमच्या पुतणीची पदवी तीन वर्षांची, म्हणजे तिला दोनच वर्षें. पदवी हातीं आली म्हणजे सर्व इयत्तांचे दरवाजे उघडतात असा पुष्कळ घरांत समज आहे. तो चुकीचा आहे. ११ ऑगस्ट २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं पहिली ते पांचवीच्या शिक्षकास बी. एड्. ही अर्हता चालावयाची नाहीं, तेथें डी. एड्. च्या जातीचेंच शिक्षण हवें. राहिली सहावी ते आठवी, आणि पुढें नववी-दहावी. सहावी ते आठवीसाठीं शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेंच पाहिजे. (ह्या परीक्षेची आतां एवढी मातबरी झाली आहे कीं १ सप्टेंबर २०२५ च्या निर्णयानें, ज्यांच्या सेवेचीं पांचांहून अधिक वर्षें उरलीं आहेत अशा नोकरींतील शिक्षकांनाही ती दोन वर्षांत देण्यास सांगण्यांत आलें. आमचे पन्नाशीचे दोन माजी सहकारी सध्यां चष्मे पुसून मानसशास्त्राच्या व्याख्या पाठ करीत असतात.) त्यानंतर दोनशें गुणांची अभियोग्यता चाचणी. ती २०१७ नंतर २०२३ सालीं झाली आणि त्यानंतर २०२५ सालीं; म्हणजे केव्हां होईल हें पंचांगांत पाहून सांगतां येत नाहीं. मग 'पवित्र' प्रणालींत जागा दिसावयास हव्यात. जागा ठरतात त्या संचमान्यतेवर, म्हणजे पटावर मुलें किती ह्यावर. आणि मराठी शाळांचा पट खालीं आला कीं असलेलाच शिक्षक अतिरिक्त ठरतो व नव्याच्या आधीं त्याची सोय लावावी लागते.

एवढें सर्व होऊन नेमणूक मिळाली तरी पहिलीं तीन वर्षें शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावीं लागतात. ही योजना २००० सालची. आरंभीं प्राथमिकास ३,०००, माध्यमिकास ४,००० आणि उच्च माध्यमिकास ५,००० असें मानधन होतें. पुढें तें सहा, आठ आणि नऊ हजार झालें. २०२३ पासून अनुक्रमें १६,०००, १८,००० आणि २०,००० आहे. तीन वर्षें पुरीं झाल्यावर माध्यमिक शाळेंतील प्रशिक्षित पदवीधरास सातव्या वेतन आयोगाप्रमाणें ३८,६०० रुपये मूळ वेतन लागू होतें, व त्यावर महागाईभत्ता वगैरे मिळतो. हा पगार चांगला आहे, ह्यांत शंका नाहीं. मात्र आम्हांस मिळतें तसें जुनें निवृत्तिवेतन १ नोव्हेंबर २००५ पासून पुढें लागलेल्यांस नाहीं. त्यांच्या पगारांतून दरमहा अंशदान कापलें जातें. लग्नाच्या बैठकींत आणि कर्जाच्या अर्जांत लोक फक्त ३८,६०० चा आंकडा धरितात. मधलीं वर्षें कोणी मोजीत नाहीं.

तीं मोजावयाचीं म्हणून आम्हीं पाटी घेतली. पहिल्या दिवशीं जो हिशेब मांडला तो रविवारीं भाच्यास दाखविला. त्यानें तो वाचून पाहिला आणि अगदीं हळू आवाजांत म्हणाला, "मामा, दुसऱ्या वर्षाचें लक्ष दुसऱ्या वर्षीं उचलायचें, त्यावर तीन वर्षांचें व्याज कसें लागेल ?" आमचा आंकडा त्यानें खोडला आणि आपला लिहिला. तेव्हां पुढील बेरजा आमच्या नसून त्याच्या आहेत. वाचकांनीं निर्धास्त असावें.

दरवर्षीं एक लक्ष प्रमाणें दोन वर्षांत दोन लक्ष उचललें, आणि व्याज दरसाल दर शेंकडा दहा धरलें. शिक्षणाचीं दोन वर्षें आणि त्यापुढील एक वर्ष बँक सामान्यतः हप्ता मागत नाहीं, परंतु सरळव्याज चढतच असतें. पहिल्या लक्षावर तीन वर्षांचे ३०,००० आणि दुसऱ्यावर दोन वर्षांचे २०,००० मिळून फेडीच्या आरंभीं देणें २,५०,००० होतें. त्या दिवसापासून नुसतें व्याजच रोज ६८ रुपये पडतें. शाळेला सुट्टी असो वा नसो. सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारें ४,१५० रुपये, आणि एकूण फेड ३,४८,६०० च्या आसपास. पांच वर्षांत फेडावयाचें म्हटलें तर हप्ता ५,३१२ पर्यंत जातो.

आतां दुसरी बाजू. ही मुलगी बी. एड्. न करतां एखाद्या कचेरींत दरमहा १२,००० वर लागली असती असें समजूं. दोन वर्षांत तिनें २,८८,००० मिळविले असते. हे न मिळालेले रुपयेही शिक्षणाच्या खर्चांतच धरले पाहिजेत, कारण घरांत ते आले नाहींत हें खरेंच आहे. आतां पदवीनंतर दोन वर्षें तिनें एखाद्या खाजगी शाळेंत १०,००० वर काढलीं, मग निवड झाली, तीन वर्षें १८,००० चें मानधन आणि पुढें दोन वर्षें पूर्ण वेतन मिळालें, तर त्या सात वर्षांची मिळकत, भत्ते सोडून, १८,१४,४०० होते. कर्जाची सबंध फेड वजा केली कीं १४,६५,८०० उरतात. कचेरींत लागलेल्या मुलीची नऊ वर्षांची कमाई, पगार एका पैनेंही वाढला नाहीं असें धरून, १२,९६,०००. म्हणजे आमची पुतणी नवव्या वर्षीं १,६९,८०० रुपयांनीं पुढें. त्यानंतर मात्र अंतर भराभर वाढत जाईल.

निवड झालीच नाहीं तर ? सात वर्षें १०,००० प्रमाणें ८,४०,०००. कर्ज वजा जातां ४,९१,४००. कचेरींतल्या मुलीच्या मागें ८,०४,६०० रुपये ! भाच्यानें ह्या आंकड्याखालीं दोन रेघा ओढल्या आणि पेन्सिल खालीं ठेविली. दहा हजार हा आंकडा आम्हीं आमच्या तालुक्यांत जें पाहतों त्यावरून धरिला. खाजगी शाळांतील सेवकांसाठीं १९७७ चा कायदा आहे, १९८१ चे नियम आहेत, वेतनश्रेण्या आहेत. परंतु नियम पुस्तकांत राहतात आणि शिक्षक शाळेंत राहतो.

ह्यावरून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसूं लागली. कर्ज किती काढावें हें उत्तम पगारावरून ठरवूं नये, अगदीं वाईट पगारावरून ठरवावें. १८,००० च्या मानधनांतून ४,१५० गेले तर १३,८५० उरतात, आणि परगांवीं खोली करून राहणारी मुलगी ओढाताणीनें कां होईना दिवस काढील. पण १०,००० मधून ४,१५० गेल्यावर काय उरतें ? तेथेंच पाटल्या मोडतात. आमच्या मतें हप्ता वाईट पगाराच्या पांचव्या हिश्शाच्या फारसा वर जाऊं नये. ही मर्यादा बँक घालून देत नाहीं. बँकेस सही पुरते. 'सहकर्जदार' ह्या शब्दाचा अर्थ साक्षीदार असा नव्हे, अर्ध्याचा भागीदार असाही नव्हे. मुलीनें न भरल्यास सबंध देणें आपलें. थकबाकी झाली तर तिची नोंद दोघांच्याही नांवावर राहते, आणि पुढें घरासाठीं कर्ज काढावयास गेल्यावर ती समोर येते. जुन्या धर्मशास्त्रांत दामदुप्पटीचा नियम होता, व्याज मुद्दलाहून अधिक मागतां येत नसे. आजच्या बँकेपुढें त्या नियमाच्या भरंवशावर कोणीं बसूं नये. शिक्षणकर्जाच्या व्याजावर आयकरांत आठ वर्षें सूट आहे असेंही कोणी सांगतात. ती जुन्याच करपद्धतींत मिळते. आणि अठरा हजार मानधनावर ज्याला कर लागतच नाहीं त्याला सूट कशांतून द्यावयाची?

सोमवारीं रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांस बसवून हा हिशेब वाचून दाखविला. आमच्या वहिनींनीं एक प्रश्न विचारला, तो आमच्या पाटीवर नव्हता: "उद्यां ती सासरीं गेली म्हणजे हप्ता कोणीं भरायचा ?" बंधू खालीं पाहूं लागले. पुतणीच म्हणाली, "मीच भरणार. पगार माझा तर कर्जही माझेंच. पण लग्न ठरवतांना तें लपवायचें नाहीं." एवढ्या थोड्या शब्दांत आम्हांस उत्तर देतां आलें नसतें.

मग अर्ज नीट वाचला तेव्हां दुसरीच गोष्ट निघाली. ही जागा शहरांतील एका महाविद्यालयाच्या संस्थास्तरीय कोट्यांतील होती. कोणा ओळखीच्या गृहस्थानें 'आतांच पैसे भरा, नाहीं तर जागा जाईल' अशी घाई केली होती. मुलीनें प्रवेशपरीक्षा दिलेली, गुण चांगले, आणि केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या याद्या अजून लागावयाच्या होत्या ! २०२४ च्या जुलैंत महाराष्ट्र सरकारनें असा निर्णय केला आहे कीं पालकांचें वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल वगैरे ठराविक घटकांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षणशुल्क माफ व्हावें. पण ही माफी केंद्रीय प्रक्रियेंतून प्रवेश घेणारीस आहे, संस्थेच्या कोट्यांतून जाणारीस नाहीं. एकत्र कुटुंबांत सर्वांचें उत्पन्न एकत्र धरतात असें समजून आमचे बंधू दाखल्याच्या वाटेस गेलेच नव्हते. पाहतात तें आईबापांचें उत्पन्न. चुलत्याचें निवृत्तिवेतन त्यांत येत नाहीं. तहसील कचेरींत चार खेपा झाल्या, भर पावसांत, आणि दाखले हातीं आले.

दुसऱ्या यादींत तिला जिल्ह्याच्या गांवीं जागा मिळाली. शिक्षणशुल्काचा बोजा गेला. राहण्याजेवण्याचा, पुस्तकांचा आणि किरकोळ खर्च उरला. कर्ज दोन लक्षांऐवजीं एक लक्ष ठरलें, दरवर्षीं पन्नास हजारांप्रमाणें. भाच्यानें आणखी एक युक्ति सांगितली: शिकत असतांनाच व्याज दरमहा भरीत गेल्यास मुद्दल वाढत नाहीं, आणि पुष्कळ बँका त्याबद्दल व्याजाच्या दरांत एक टक्का सवलतही देतात. तें व्याज आम्हीं आमच्या निवृत्तिवेतनांतून भरण्याचें पत्करिलें. मग पांच वर्षांच्या मुदतीनें हप्ता येईल २,१२५ रुपयांचा. दहा हजारांच्या पांचव्या हिश्शाहून थोडासाच अधिक. एवढें झाल्यावर आम्ही बंधूंबरोबर बँकेंत जाऊन अर्जावर सही केली. लेखणी किंचित् अडखळली, हें कबूल करतों.

व्याजाची नोंद ठेवण्यासाठीं मुलीनें एक वहीच घातली आहे. पहिल्या महिन्यास ४१७ रुपये पडले. सध्यां तिचे सरावपाठ चालले आहेत, आणि सातवीच्या वर्गावर अपूर्णांक शिकवितांना घाम फुटला असें तिनें पत्रांत, म्हणजे भ्रमणध्वनीवरील संदेशांत, कळविलें आहे.

दिवाळींत भाऊबीजेस आमची भगिनी आली होती. ओवाळून झाल्यावर तिनें विचारलें, "अण्णा, किती घेतलें रे पोरीसाठीं ?" आम्हीं आंकडा सांगितला. ती क्षणभर गप्प राहिली, आपल्या मनगटाकडे पाहिलें आणि म्हणाली, "पाटल्या नाहींत हो आतां माझ्याकडे." आणि हंसली. घरांतलीं सगळीं माणसें हंसलीं. आम्हीं ओवाळणी तिच्या तबकांत ठेविली आणि ओटीवर येऊन बसलों.